बंद गाळ्यातली शेवरोलेट पिकअप: आधी कागद, मग आकडा

प्रश्न थोडक्यात असा आहे. अविवाहित काका गेल्या वर्षी वारले. भायखळ्यात त्यांच्या कागदाच्या दुकानामागच्या गाळ्यात शेवरोलेटची जुनी पिकअप उभी आहे. आरसी बुकात साल १९५४, मीटरवर २३ हजारांच्या आसपास मैल, रंग मूळचाच वाटतो, इंजिन कित्येक वर्षांत कुणी सुरू केलेलं नाही. एक दलाल 'जशी आहे तशी' ६ लाखांना मागतोय. कर्जतकडचा एक रिसॉर्टवाला १८ लाख म्हणतो, पण त्याला ती चालती आणि नवी रंगवून हवी. पुतणीनं विचारलंय, खरी किंमत किती आणि द्यावी कुणाला?

ताई, सगळ्यात आधी रंगाऱ्याला थांबवा. रिसॉर्टवाल्याच्या सांगण्यावरून कुणाकडून कोटेशन मागवलं असेल तर ते घडी करून ठेवून द्या. कोरड्या मऊ कापडानं धूळ झटका, फार तर ओल्या फडक्यानं पुसा. प्रेशर वॉशर, पॉलिश, टायरला काळा चकचकीत पॉलिश, यातलं काहीही नको.

कारण सांगतो. या पिढीचे शेवरोलेट ट्रक, ज्यांना अमेरिकेत 'अ‍ॅडव्हान्स डिझाइन' म्हणतात, १९४७ ते १९५५ च्या सुरुवातीपर्यंत निघाले आणि तिकडे प्रचंड खपले. त्यामुळे आजही त्यांचा जवळपास प्रत्येक भाग नव्यानं बनतो. ग्रिल, काचांची रबरं, दाराचे पत्रे, हौद्याच्या लाकडी फळ्या, बंपर, अगदी डॅशबोर्डवरच्या पट्ट्यासुद्धा. पैसे आणि कस्टम ड्युटी भरायची तयारी असली की मागवा. बाजारात मिळत नाही तो कारखान्यातला पहिला रंग. तुमच्या फोटोत दाराच्या आतल्या कडेला तो रंग पातळ होऊन खालचा प्रायमर दिसतोय, आणि माझ्या लेखी ती जागा या गाडीची सगळ्यात महागडी जागा आहे. तिथे कुणी सॅंडपेपर फिरवला की गाडी 'राखलेली' या रांगेतून उठून 'रंगवलेली' या रांगेत जाऊन बसते, आणि त्या रांगेत गर्दी फार आहे.

आता ते दोन आकडे शेजारी ठेवून बघू. १८ लाख हे तयार गाडीचे आहेत. इंजिन उघडायला लागलं तर ते, ब्रेकचं सगळं काम, पेट्रोलची टाकी, रेडिएटर, रबरं, क्रोम, सीट, वायरिंग आणि पूर्ण डेंटिंग-पेंटिंग, हे मुंबईत नीट करून घ्यायचं तर माझ्या अंदाजानं ६-७ लाखांच्या खाली येत नाही, आणि काम वर्षभर रखडतं. रखडलेल्या कामात गिऱ्हाईक थंड होतं. म्हणजे रिसॉर्टवाला तुम्हाला हातात १८ देत नाहीये, ११ देतोय, तेही तुमच्या पैशांनी काम झाल्यावर आणि त्याचं मन टिकलं तर. दलालाचे ६ आणि हे ११ यांत जितकं अंतर वाटतं तितकं नाही.

दोघंही एका गोष्टीचे पैसे देत नाहीयेत. ती म्हणजे न छेडलेली गाडी. पिकअप हे कामाचं जनावर. राजेरजवाड्यांच्या ब्युइक-पॅकार्ड आच्छादनाखाली राहिल्या. पिकअप मात्र भाजी, सिमेंट, लोखंड वाहून मेल्या. पेट्रोल महागल्यावर त्यांत डिझेल इंजिनं बसली, हौदे कापले गेले, शेवटी कुर्ल्याच्या सीएसटी रोडला त्यांचे तुकडे झाले. मूळ सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, मूळ पत्रा आणि मूळ रंग तिन्ही एकत्र राहिलेली पिकअप क्वचित समोर येते. अर्थात, तिन्ही मूळ आहेत हे सिद्ध करता आलं पाहिजे. तुमचं खरं काम ते आहे, आणि त्याला रंगापेक्षा खूप कमी खर्च येतो.

साल बघू. आरसीवर १९५४ लिहिलंय, पण गाडी १९५४ ची नाही. तुमच्या फोटोत समोर पाच आडव्या पट्ट्यांची ग्रिल आहे आणि पुढची काच मधे पट्टी असलेली, दोन तुकड्यांची. १९५४ च्या मॉडेलला काच एकसंध झाली आणि ग्रिलही बदलली. म्हणजे गाडी १९५३ किंवा त्याआधीची. आता दार बघा. काचेच्या पुढे लहान त्रिकोणी काच आहे, ती १९५१ पासून आली. आणि हँडल खाली फिरवायचं आहे. बटण दाबायचं हँडल १९५२ ला आलं. त्रिकोणी काच आहे आणि बटण नाही, म्हणजे १९५१ चं मॉडेल. दारं नंतर बदललेली नसतील तरच, हे गृहीत धरून. आरसीवर त्या काळी बनल्याच्या सालाऐवजी नोंदणीचं साल पडणं अगदी सर्रास होतं. गिऱ्हाईक जाणकार असेल तर तो ही विसंगती पहिल्या पाच मिनिटांत पकडेल आणि 'दारं बदललीत' किंवा 'कागद दुसऱ्या गाडीचे आहेत' म्हणून भाव पाडेल. त्याच्याआधी तुम्हीच सांगितलंत तर तीच गोष्ट तुमच्या बाजूची होते.

याच्या जोडीला नंबर हवेत. चासीचा नंबर ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीतल्या पत्र्याच्या पट्टीवर असतो, इंजिनाचा नंबर डिस्ट्रिब्युटरच्या मागे ब्लॉकवर ठोकलेला असतो. घासू नका, ब्रशनं ग्रीस काढा, कागद ठेवून पेन्सिलीनं छाप घ्या आणि आरसीशी अक्षर-अक्षर ताडून बघा. दोन्ही जुळले तर अर्धी लढाई इथेच संपली. जनरल मोटर्सचा कारखाना १९२८ पासून शिवडीला होता आणि १९५४ मध्ये तो बंद झाला. तेव्हा केबिनमध्ये किंवा बॉनेटखाली कुठे मुंबईच्या जोडणीचा शिक्का किंवा विक्रेत्याची पितळी पट्टी सापडली तर तिचा वेगळा फोटो काढा. मुंबईच्या गाडीवर मुंबईचा माणूस थोडे जास्त पैसे टाकतो, हे मी पाहिलंय.

मीटरचं काय? २३ हजार मैल म्हणजे साधारण ३७ हजार किलोमीटर. पण हे मीटर पाच आकडी, ९९,९९९ नंतर पुन्हा शून्य. नुसत्या मीटरवर कुणीही विश्वास ठेवणार नाही आणि ठेवूही नये. आधी हिशेब जुळतो का बघा. काका भायखळ्याहून फोर्ट आणि गिरगावच्या छापखान्यांना कागद पोचवत असत असं तुम्ही लिहिलंय. जाऊन-येऊन दिवसाला पाच-सहा मैल, वर्षाला तीनशे दिवस, म्हणजे दीड-पावणेदोन हजार मैल. तेरा-पंधरा वर्षांत २३ हजार होतात. म्हणजे गाडी १९६० च्या दशकाच्या शेवटी थांबली असेल तर मीटर खरं बोलतंय. ऐंशीच्या दशकापर्यंत चालली असेल तर नाही. तेव्हा ती केव्हा थांबली ते शोधा. दुकानाच्या जुन्या फायली फेकायच्या आधी चाळा. जकातीच्या पावत्या, पेट्रोल पंपाची उधारीची वही, विम्याची शेवटची पॉलिसी, टॅक्सची पावती. आणि एक खास कागद: गाडी वापरात नसल्याची आरटीओला दिलेली सूचना. टॅक्स वाचवायला जुने व्यापारी ती नियमानं देत असत. ती सापडली तर गाडी कोणत्या तारखेपासून उभी आहे याचा सरकारी पुरावाच हातात आला.

मग गाडीला विचारा. क्लच आणि ब्रेकच्या पेडलवरचं रबर, ड्रायव्हरच्या बाजूचं सीट दबलंय की नाही, दार उघडल्यावर बिजागरीवर खाली बसतं का, मागच्या फळक्याच्या साखळ्यांच्या कड्या घासून पातळ झाल्यात का. हौद्याच्या फळ्यांमधल्या लोखंडी पट्ट्या बघा. लोखंड वाहिलेल्या गाडीत त्या वाकलेल्या, चेपलेल्या असतात. कागदाची रिमं वाहिलेल्या गाडीत नुसत्या गुळगुळीत होतात. तुमच्या फोटोत त्या सरळ दिसतात, ही फार चांगली खूण आहे. स्टेपनी तपासा. तिच्यावर शिवडीच्या फायरस्टोनचा जुना टायर असेल आणि त्याची नक्षी शाबूत असेल तर तो टायर गाडीबरोबर द्यायचा, पण त्यावर गाडी एक फूटही चालवायची नाही.

गंजाबद्दल लपवाछपवी चालत नाही. भायखळ्याची हवा खारी, गाळा ओला. या केबिनमध्ये गंज ठरलेल्या जागी येतो: मागचे खालचे कोपरे, दाराचा तळ, पायाजवळचे बाजूचे पत्रे, आणि केबिन चासीवर जिथे टेकते ते पुढचे सांधे. लहान चुंबक पातळ कापडात गुंडाळून या जागांवर फिरवा. जिथे पकडत नाही तिथे खाली पुट्टी आहे. पुट्टी निघाली तरी हरकत नाही, ती कुठे आहे हे लिहून ठेवा. मुंबईतलं दुसरं भूत म्हणजे पाणी. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हापासून इथल्या प्रत्येक जुन्या गाडीला 'बुडाली होती का' हा प्रश्न विचारला जातो. भायखळ्यात तर दर पावसाळ्यात तुंबतं. हेडलाइटच्या वाटीत, सीटच्या स्प्रिंगांवर आणि चासीच्या पोकळीत गाळाची आडवी रेघ असेल तर पाणी तिथवर आलं होतं. रेघ नसेल तर त्या 'नसण्याचा' फोटो काढा, उपयोगी पडतो.

इंजिन सुरू करावं का? करावं, पण चावी फिरवून नाही. दलाल किंवा शेजारचा उत्साही मेकॅनिक १२ व्होल्टची बॅटरी लावून 'बघू या तर खरं' म्हणेल. त्याला चहा पाजा आणि परत पाठवा. ही गाडी ६ व्होल्टची आहे. शिवाय इतकी वर्षं उभ्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला चिकटलेल्या असू शकतात. जोर लावला की रिंग तुटते, मग ते इंजिन मूळ राहिलं काय आणि नाही काय. जुन्या पेट्रोल गाड्यांचा हात असलेला मिस्त्री आणा. तो प्लग काढेल, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडेल, दोन-चार दिवस थांबेल आणि मग हँडलनं हातानं फिरवेल. सहजी फिरलं तर पुढची पायरी. सीटमागची टाकी न उघडता बाहेरून बाटलीतून स्वच्छ पेट्रोल द्यायचं, कारण जुन्या टाकीतला राळेसारखा गाळ कार्ब्युरेटरमध्ये गेला की नवीन खर्च. नाही फिरलं तर तिथेच थांबा आणि 'इंजिन जाम' असं सांगूनच विका.

एक गंमत. हे २१६ घनइंचाचं, म्हणजे साधारण साडेतीन लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन सुरू झालं की ऑइलचा काटा तळाशीच घुटमळतो. नव्या गाड्यांची सवय असलेला गिऱ्हाईक लगेच म्हणतो, बेअरिंगं गेली. गेलेली नसतात. यात कनेक्टिंग रॉडला तेल पूर्ण दाबानं जात नाही, रॉडच्या टोकाचे चमचे खालच्या पन्हाळीतलं तेल उचलतात. म्हणून मीटरच मुळी ३० पौंडांपर्यंतचं असतं आणि चालत्या गाडीत पंधराच्या आसपास दाखवलं तरी ठीक. हे माहीत नसल्यामुळे लोकांनी लाख-लाख रुपये कमी केलेले आहेत. काटा हलतो तो व्हिडिओ आणि थंड इंजिन सुरू होतानाचा व्हिडिओ, दोन्ही एकसलग, मधे न कापता काढा.

आता कागद. इथे तुमचा सौदा होईल किंवा बुडेल, म्हणून हे नीट वाचा.

आरसीवर काकांचं नाव आहे की दुकानाचं? तुम्ही फक्त सालाचं पान पाठवलंय. काकांचं वैयक्तिक नाव असेल तर वाट सोपी. मालक वारल्यावर नाव बदलायला फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला, बाकीच्या वारसांची संमती आणि प्रतिज्ञापत्र लागतं. अर्ज तीन महिन्यांत करायचा असतो. उशीर झालाय, दंड भरा आणि करा. आधी स्वतःच्या किंवा एका वारसाच्या नावावर घ्या, मगच विका. नाव पेढीचं असेल तर फॉर्म ३१ चा संबंध नाही. मग भागीदारीचा करार, ती पेढी कशी संपली, मालमत्ता कुणाकडे आली, हे वकिलाकडून लिहून घ्यावं लागेल. करातही फरक पडतो. घरच्या वापराची गाडी विकली तर सहसा भांडवली नफ्याचा कर लागत नाही, कारण ती वैयक्तिक वापराची वस्तू. पेढीच्या वहीत घसारा काढलेली गाडी तशी नाही. सीएला आधीच विचारा.

दुसरा प्रश्न त्याहून नाजूक. गाडी खासगी म्हणून नोंदलेली आहे की मालवाहू म्हणून? केंद्र सरकारनं २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत विंटेज गाड्यांसाठी वेगळी तरतूद आणली. पहिल्या नोंदणीला पन्नासहून अधिक वर्षं झालेली, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न केलेली गाडी 'विंटेज' म्हणून नोंदता येते. नवी नोंदणी असेल तर शुल्क २०,००० रुपये, फेरनोंदणीला ५,०००. पण ही व्याख्या दुचाकींसाठी आणि चारचाकींत एम-१ साठी, म्हणजे प्रवासी गाड्यांसाठी आहे. मालवाहू गाडी एन वर्गात येते. कित्येक पिकअपवाल्यांना हे ऐन सौद्यात कळतं. तेव्हा आरसीवर 'गुड्स' असा शब्द असेल तर, 'विंटेज नंबर लगेच होतो हो' असं सांगणाऱ्या एजंटचं ऐकू नका. आरटीओत लेखी अर्ज देऊन वर्ग कसा बदलेल ते लेखीच विचारा, आणि उत्तर येईपर्यंत जाहिरातीत 'विंटेज नोंदणी होईल' असं लिहू नका. विंटेज म्हणून नोंदलेली गाडी रोजच्या किंवा धंद्याच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल-दुरुस्ती एवढ्यापुरतीच. रिसॉर्टवाल्याला पाहुण्यांची ने-आण करायची असेल तर हेही त्याच्या कानावर घाला.

आणखी एक. इतकी जुनी नोंद 'वाहन' या संगणक प्रणालीत बहुतेक नसेलच. 'बॅकलॉग एन्ट्री' करून घ्यावी लागते, त्यासाठी आरटीओच्या जुन्या रजिस्टरमध्ये तुमचा नंबर सापडायला हवा. ताडदेवला एक फेरी मारून तो सापडतो का बघा. सापडला तर माझ्या मते गाडीची किंमत त्याच दिवशी लाख-दोन लाखांनी वर जाते, कारण पुढच्याची सगळ्यात मोठी धास्ती संपते. जुनी बीएम किंवा एमआर मालिकेची नंबरप्लेट असेल तर ती काढून ठेवू नका, गाडीवरच राहू द्या. हौशी माणसाला तीच हवी असते.

विकायची कुणाला, तर ज्याच्या घरी आधीच अशी एक-दोन वाहनं आहेत त्याला. मुंबईत व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडिया आणि वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन यांच्याभोवती हा सगळा गोतावळा आहे. तिथल्या दोन-तीन जुन्याजाणत्या सभासदांनी गाडी पाहिली की बातमी आपोआप पुणे, बडोदा, कोइंबतूरपर्यंत जाते. लिलावसंस्थाही आहेत, पण त्यांचं कमिशन आणि त्यांची आवड बघता त्या संस्थानिकांच्या गाड्यांना बऱ्या, पिकअपला नाहीत. सिनेमा-जाहिरातवाल्यांना भाड्यानंसुद्धा देऊ नका. एका दिवसाच्या शूटिंगसाठी हौद्यात खिळे ठोकतात आणि जाताना 'सॉरी दादा' म्हणतात.

जाहिरात अशी लिहा: 'शेवरोलेट अर्धा टन पिकअप, १९५१ मॉडेल, नोंदणी १९५४. एकाच कुटुंबात, भायखळा. मूळ पेट्रोल इंजिन, नंबर आरसीशी जुळतात. मूळ रंग, जिथे उडालाय तिथे उडालेलाच ठेवलाय. केबिनच्या डाव्या मागच्या कोपऱ्यात गंज. ब्रेक काम करत नाहीत. आरसीची मुदत संपलेली, नाव बदलण्याचं काम चालू. जागेवर येऊन बघा.' कोपरा कोणता ते तुमचा चुंबक सांगेल, बाकी दोष मीच अंदाजानं लिहिलेत. पण जे असतील ते याच पद्धतीनं आधी लिहा. 'शोरूम कंडिशन' लिहिलंत की येणारा माणूस दोष शोधायलाच येतो.

विसार घेताना पावती द्या, मुदत टाका. दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेणं कायद्यानं बंद आहे, तेव्हा सगळं बँकेतून. दलाल सही केलेले कोरे टीटीओ फॉर्म, म्हणजे मालकी बदलण्याचे फॉर्म, मागेल. देऊ नका. नाव आरटीओत बदलेपर्यंत कायद्याच्या नजरेत मालक तुम्हीच. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये हे स्पष्ट केलंय. अपघात झाला तर नोटीस तुमच्या दारात येते. आरसी आणि विमा दोन्ही संपलेत म्हणून बघायला आलेल्याला 'एक चक्कर' मारू देऊ नका. गाडी जाईल ती फ्लॅटबेडवर चढून, दोर बांधून ओढत नाही.

आकडा विचारलात, तर नंबर जुळले, गाळाची रेघ नसली, आरटीओच्या रजिस्टरमध्ये नोंद सापडली आणि नाव तुमच्याकडे आलं, तर मी आहे त्या अवस्थेत १५ लाख सांगेन आणि १२ च्या खाली उतरणार नाही. इंजिन जाम निघालं तर त्यातून दीड-दोन लाख सोडेन. नंबरच जुळले नाहीत तर दलालाचे ६ वाईट नाहीत, साडेसातपर्यंत ओढून बघा. रिसॉर्टवाल्याला एकदा फोन करून विचारा, न रंगवता, आहे तशी १२ ला घेतोस का. घेतो म्हणाला तर त्याला जागेवर बोलवा.